कोट निवडायचा तो बसथांब्यावर उभं राहून

ताई,
नोकरीच्या निमित्तानं मी पहिल्यांदाच कडाक्याच्या थंडीच्या ठिकाणी राहायला आले आहे. इथे हिवाळ्यात पारा शून्याखाली पाच ते दहा अंशांपर्यंत उतरतो, वारा बोचरा असतो आणि अधूनमधून ओला बर्फ पडतो. रोज सकाळी वीसेक मिनिटं बसथांब्यावर उभं राहावं लागतं, तिथून थेट ऑफिस. मला कोट एकच परवडणार आहे आणि तो चार-पाच वर्षं तरी टिकायला हवा. तीन पाहून ठेवलेत. पहिला लोकरीचा आहे. लांब, उंटाच्या रंगाचा, कमरेत बेतलेला. तो घातला की मी मलाच आवडते, आणि किंमत बजेटच्या निम्मीच आहे. दुसरं नावाजलेल्या कंपनीचं पिसांचं जॅकेट आहे. ते कमरेपर्यंत येतं, हूडला फर आहे आणि किंमत बजेटच्या दीडपट. तिसरा कोट गुडघ्यापर्यंतचा, आत पॉलिएस्टरचं फिलिंग, बजेटमध्ये बसणारा. पण त्यात मी गादी गुंडाळल्यासारखी दिसते. घरचे म्हणतात, ‘थंडीत कोण बघतंय? ऊब बघ.’ मला मात्र छान दिसायचंय, आणि असं वाटतं याची जरा लाजही वाटते. काय करू?
– अनामिका

प्रिय अनामिका,

लाज वाटण्यासारखं यात काही नाही, हे आधीच सांगते. जिथे हिवाळा महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो तिथे लोकांना तू दिसतेस ती कोटातच. बसमध्ये, रस्त्यात, ऑफिसच्या दारात, फोटोत सगळीकडे कोटच पुढे असतो. आतले चांगले कपडे कोणाच्या नजरेसही पडत नाहीत. रोज अंगावर वागवायची वस्तू मनासारखी असावी असं वाटलं तर त्यात उथळपणा कसला? शिवाय यात व्यवहारही आहे. मनातून न आवडलेला कोट खुंटीलाच लटकून राहतो. ‘आज काही एवढी थंडी नाही’ अशी स्वतःची समजूत घालत माणूस पातळ जॅकेटवर बाहेर पडतं आणि थांब्यावर पोचेपर्यंत हुडहुडी भरते. घरच्यांची काळजी खरी आहे, पण आवडीनं वापरला जाईल तोच कोट ऊब देतो, एवढं त्यांच्या हिशेबात धरायचं राहिलं आहे.

आता उत्तर. पहिला घेऊ नकोस. दुसरंही नको. तिसऱ्या जातीचा घे, पण तू पाहून ठेवलेला तो नव्हे. का ते सविस्तर सांगते, म्हणजे दुकानात गेल्यावर तुझं तुलाच ठरवता येईल.

पहिल्या कोटाबद्दल तू काय लिहिलं आहेस ते परत वाच. लांब, उंटाच्या रंगाचा, कमरेत बेतलेला. तुला जे आवडलं आहे ते एवढंच आहे: लांबी, रंग आणि बेत. यातलं काहीही लोकरीच्या मालकीचं नाही. या तिन्ही गोष्टी तुला फिलिंगच्या कोटातही मिळू शकतात, फक्त थोडं शोधावं लागेल. तुझ्या प्रश्नाची गाठ मला वाटतं इथेच सुटते. देखणा कोट आणि उबदार कोट यांतला एक निवडायचा आहे असं तू धरून चालली आहेस. प्रत्यक्षात तुला उबदार कोटांमधला देखणा शोधायचा आहे.

कोट स्वतः उष्णता तयार करत नाही. ती तुझं शरीर करतं. माणूस नुसता बसलेला असला तरी त्याच्या अंगातून साधारण 100 वॅट उष्णता बाहेर पडत असते, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. ती अंगाजवळ धरून ठेवायची तर मध्ये स्थिर हवा लागते, कारण हलत नसलेल्या हवेतून उष्णता फार हळू निसटते. लोकर, पिसं, पॉलिएस्टरचं फिलिंग या सगळ्यांचं काम एकच, हवा आपल्या धाग्याधाग्यांत अडकवून ठेवणं. म्हणून जाड पण फुललेलं कापड उबदार असतं आणि तेच दाबून चपटं केलं की गार पडतं. अंगाला घट्ट बसणारा कोट आरशात छान दिसतो आणि बाहेर काकडवतो, त्याचंही कारण हेच. आत हवेला जागाच उरत नाही.

चालताना शरीर बसलेल्या वेळेपेक्षा जवळजवळ तिप्पट उष्णता तयार करतं. त्यामुळे झपझप चालत ऑफिस गाठणाऱ्याला साधा कोटही पुरतो. तुझं तसं नाही. तू वीस मिनिटं जागच्या जागी उभी असतेस, आणि तेही वाऱ्यात. तुझ्या कोटाची परीक्षा त्या वीस मिनिटांत आहे. वर्षातल्या सगळ्यात थंड दिवशीही नाही आणि दुकानाच्या गरम हवेतल्या आरशापुढे तर मुळीच नाही. लेबलवर किंवा विक्रेत्याच्या तोंडी ‘उणे वीसपर्यंत चालतो’ असं काही आलं तर त्यावर फार विसंबू नकोस. स्लीपिंग बॅगांना ऊब मोजायची ठरलेली प्रमाण पद्धत आहे. रोजच्या वापराच्या कोटांवरचे असे आकडे बहुतेक वेळा कंपनीचे स्वतःचे असतात, आणि घालणारा चालतोय की उभा आहे हे त्यात सांगितलेलं नसतं.

वाऱ्याचं वेगळं सांगायला हवं. शून्याखाली 5 अंश तापमान आणि ताशी 20 किलोमीटरचा वारा, म्हणजे काही वादळ नव्हे. पण उघड्या त्वचेला तो गारठा शून्याखाली 12 अंशांसारखा झोंबतो. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोघांनी अंटार्क्टिकावर, वाऱ्यात पाणी किती वेळात गोठतं हे मोजून या गारठ्याचं पहिलं गणित मांडलं, ते 1945 मध्ये प्रसिद्ध झालं. हवामान खात्यांच्या अंदाजात आज दिसणारा आकडा 2001 मध्ये सुधारलेल्या सूत्रावरून येतो. तुझ्यापुरता याचा अर्थ असा की कोटाच्या वरच्या कापडातून वारा आत शिरत असेल तर आतलं फिलिंग कितीही भारी असो, अडवून धरलेली हवा सारखी बदलत राहणार आणि तू गारठणार.

तुझा पहिला कोट मला इथेच नापास वाटतो. लोकरीवर माझा राग नाही, उलट मला ती फार आवडते. लोकरीचा धागा नैसर्गिकरीत्या कुरळा असतो, म्हणून तो हवा धरतो. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के बाष्प शोषूनही तो हाताला ओला लागत नाही. पण कोटाच्या आतलं लेबल वाचल्याशिवाय त्याला लोकरीचा म्हणू नकोस. एवढा लांब कोट निम्म्या बजेटमध्ये मिळतोय म्हणजे आत वीस-तीस टक्के लोकर आणि बाकी पॉलिएस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक असण्याची दाट शक्यता आहे. असं मिश्र कापड दिसायला लोकरीसारखं दिसतं, पण त्याची ऊब कमी असते आणि पहिल्याच हिवाळ्यात काखेत, बाहीच्या कडेला, बॅगेचा पट्टा घासतो तिथे गोळे यायला लागतात. चांगल्या लोकरी कोटात लोकर सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या पुढे असते आणि कापड दाट, आटवून घट्ट केलेलं असतं. दुकानात ओळखायचं कसं? कोटाची एकेरी बाजू, जिथे अस्तर नाही अशी, दिव्यासमोर धर. उजेडाचे बारीक ठिपके दिसले तर वाराही तिथूनच येणार. मग कापड ओठांना लावून फुंकर मार. पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा लागली तर तो कोट बसथांब्याच्या कामाचा नाही.

ब्रिटिश नौदलातले खलाशी डेकवर लोकरीचेच डफल कोट घालत. पण ते जाडजूड असत, आत आणखी कपडे मावावेत म्हणून मुद्दाम ढगळ शिवलेले असत, आणि हातमोजे न काढता लावता यावेत म्हणून त्यांना बटणांऐवजी लाकडी खुंट्या असत. लोकर समुद्रावरच्या गारठ्यात चालली ती त्या बेतामुळे. कमरेत चापून बसवलेला, पातळ, मिश्र कापडाचा कोट तसाच चालेल असं नाही.

दुसऱ्या जॅकेटबद्दल. पिसांइतकी हलकी ऊब दुसऱ्या कशातच नाही, हे खरं. डाऊन म्हणजे बदकांच्या आणि हंसांच्या अंगावरचा, पिसांच्या खालचा दांडी नसलेला मऊ फुलोरा. तो जेवढा फुलतो तेवढी हवा धरतो. लेबलवर 600, 700, 800 असे आकडे असतात ते या फुलण्याचे. साधारण 28 ग्रॅम डाऊन किती घनइंच जागा व्यापतं ते त्यावरून कळतं. इथे लोक फसतात. आकडा मोठा म्हणजे कोट जास्त उबदार असं सरसकट नसतं, कारण आत एकूण डाऊन किती ग्रॅम भरलंय हे तो आकडा सांगत नाही. 800 चा पातळ कोट 600 च्या भरगच्च कोटापेक्षा गार असू शकतो. 800 चा फायदा एवढाच की तेवढीच ऊब कमी वजनात मिळते आणि कोटाची घडी लहान होते. गिर्यारोहकाला त्याचं मोल आहे, कारण त्याला तो पाठीवरून वाहून न्यायचा असतो. तुला तो घरातून थांब्यापर्यंत न्यायचाय, तोही अंगावर. त्या हलकेपणासाठी आणि छातीवरच्या बिल्ल्यासाठी बजेटच्या दीडपट मोजणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आणि ते जॅकेट कमरेपर्यंतच आहे. मांड्यांवर फक्त पँट असताना वीस मिनिटं वाऱ्यात उभं राहून बघ. वरचं अंग कितीही उबदार असलं तरी गारठा खालून चढतो. गुडघ्यापर्यंतची लांबी ही तुझ्यासाठी हौस नाही, गरज आहे. हूडभोवतीची खरी, दाट, लांब केसांची फर चेहऱ्याजवळचा वारा मोडते. आर्क्टिकमधले इनुइट लोक पिढ्यानपिढ्या याच कारणासाठी ती लावत आले आहेत. पण दुकानातल्या बहुतेक हूडांवर असते ती शोभेची, आखूड, कृत्रिम पट्टी. तिच्यावर पैसे घालवू नकोस.

शेवटचा आणि मोठा मुद्दा ओल्या बर्फाचा. डाऊन भिजलं की चिकटून त्याचे गठ्ठे होतात, फुलणं संपतं आणि ऊबही. कोरड्या, कडक थंडीत डाऊनला तोड नाही. तुझ्याकडे मात्र बर्फ अंगावर पडता पडता वितळतो. अमेरिकी लष्कराला भिजल्यावरही ऊब टिकवणारा डाऊनचा पर्याय हवा होता, त्यातून 1980 च्या दशकात प्रायमालॉफ्ट नावाचं फिलिंग तयार झालं. आज वेगवेगळ्या नावांनी मिळणारी पॉलिएस्टरची बारीक तंतूंची फिलिंग्ज त्याच कामाची आहेत. ती डाऊनपेक्षा जड, स्वस्त आणि घरी धुता येणारी. त्यांचा दोष एकच, काही वर्षांनी तंतू दबत जातात आणि ऊब हळूहळू उतरते. नीट वापरलास तर तुझी चार-पाच वर्षं त्यात आरामात निघतील.

म्हणून तिसरी जात. आता तो गादीसारखा का दिसतो ते पाहू, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे. आडव्या, रुंद, फुगीर पट्ट्या आणि वर चकचकीत नायलॉन, या दोन गोष्टी मिळून तो अवतार होतो. प्रत्येक पट्टी अंगाची रुंदी वाढवते आणि चकाकी प्रत्येक फुगवटा उठावदार करते. तेवढंच फिलिंग वेगळ्या शिवणीत असलं की कोट एकदम निराळा दिसतो. बाहेरून सपाट, चमक नसलेलं कापड आणि फिलिंग आतल्या थरात लपवलेलं, असे कोट मिळतात. लांबून ते साध्या ओव्हरकोटसारखे दिसतात आणि तुझ्यासाठी मी पहिल्यांदा तेच शोधेन. त्यांचा आणखी एक फायदा आहे. वरून आरपार मारलेली शिवण जिथे असते तिथे फिलिंग दबून जवळजवळ शून्य होतं आणि त्या रेघेतून ऊब निसटते. सपाट कापडाच्या कोटात वरच्या थराला ती भोकंच नसतात. पट्ट्यांचाच घ्यायचा झाला तर अरुंद, तिरप्या किंवा उभ्या शिवणीचा बघ. कमरेत आतून ओढायची दोरी किंवा पट्टा असला तर उत्तम, कारण तिथे वारा अडतो आणि तुला हवा असलेला बेतही मिळतो. थांब्यावर सैल ठेव, ऑफिसच्या दारात ओढून घे.

उंटाच्या रंगाचा हट्ट सोडू नकोस. हलका रंग लवकर मळतो म्हणून काळा घे, असं तुला दहा जण सांगतील. लोकरीच्या कोटाला तो सल्ला बरोबर आहे, कारण तो दर वेळी ड्रायक्लीनला द्यावा लागतो. पॉलिएस्टरचा कोट तू घरी मशिनमध्ये धुशील. कॉलर आणि बाहीच्या कडा मळतील, त्या ओल्या फडक्यानं आणि साबणानं पुसता येतात. आवडता रंग चार-पाच हिवाळे अंगावर असणं माझ्या मते त्या कष्टाच्या मोलाचं आहे.

लेबलवर फिलिंग दर चौरस मीटरला किती ग्रॅम ते बऱ्याचदा दिलेलं असतं. साठच्या आसपास म्हणजे शरद ऋतूतलं जॅकेट. शंभर म्हणजे चालत्या माणसाला पुरेल असं. तुझ्यासारखं उभं राहायचं असेल तर धडाला दीडशे ते दोनशे बघ; बाह्यांत त्याहून कमी असलं तरी चालतं, उलट हात मोकळे हलतात. आकडा दिलेला नसला तर चिमटीत धरून दाब आणि सोड. चांगलं फिलिंग लगेच परत फुलतं. दाबलेलं तसंच राहिलं, किंवा बोटांना आत गुठळ्या आणि मध्येच रिकामी जागा लागली, तर खाली ठेव.

आणि आता दुकानात. ऑफिसला घालशील तो जाडातला जाड स्वेटर घालून जा. पातळ कपड्यांवर कोट घालून बघणं व्यर्थ आहे. कोट घाल, चेन वरपर्यंत लाव. हनुवटी खाली घेतली की कॉलर ओठांपर्यंत यायला हवी आणि चेनचं टोक गळ्याला टोचायला नको. तिथे कापडाची छोटी घडी शिवलेली असते ती हातानं चाचप. चेनच्या मागे किंवा पुढे वारा अडवणारी पूर्ण लांबीची पट्टी आहे का बघ, कारण नुसत्या चेनच्या दातांतून वारा सरळ आत येतो. मग दोन्ही हात वर कर, बसमधली कडी धरल्यासारखे. बाह्या मनगटाच्या खाली सरकल्या तर रोज तेवढी त्वचा उघडी पडणार. बाहीच्या आत विणलेला मनगटपट्टा असेल तर मी त्यासाठी थोडे जास्त पैसेही देईन. हात पुढे घेऊन स्वतःला मिठी मार. पाठीत ताण आला तर एक माप मोठा मागव. खांद्याची शिवण मात्र खांद्यावरच पडली पाहिजे. कोट मोठा असूनही बेताचा दिसतो तो या एका शिवणीमुळे.

मग बस. हे कोणी करत नाही आणि लांब कोटात सगळं इथेच अडतं. गुडघ्यापर्यंतचा कोट चेन लावून बसलं की मांड्यांवर ताणतो, चेन फाटते किंवा कोट वर सरकतो. खालूनही उघडता येणारी दुहेरी चेन असेल तर बसताना खालची वीतभर मोकळी करता येते, आणि बसच्या पायऱ्या चढतानाही ती लागते. हातमोजे घालून चेन लावून बघ, खिशात हात घाल. खिसे पोटाच्या उंचीवर, तिरपे आणि आतून मऊ कापडाचे असले तर थांब्यावर तुझे हात तिथेच राहतील. हूड चढवून मान डावी-उजवीकडे वळव. हूड डोक्याबरोबर वळला पाहिजे. नाहीतर रस्ता ओलांडताना तुला फक्त अस्तर दिसेल, आणि ते धोक्याचं आहे.

वरचं कापड पाणी झटकणारं हवं. बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब बाहीवर टाकायची परवानगी माग. थेंब गोल होऊन घरंगळले तर ओल्या बर्फाला पुरे. धो-धो पावसासाठी असतात ते जलरोधक पडद्याचे कोट महाग असतात आणि त्याची तुला गरज दिसत नाही.

पैशांचं म्हणशील तर सगळं बजेट कोटात घालू नकोस. थोडं बाजूला ठेव आणि त्यातून कानांवर येणारी लोकरी टोपी, मफलर, चांगले हातमोजे आणि अंगालगत घालायचा एक पातळ मरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर्मल घे. सुती नको, सुती कापड घाम धरून ठेवतं आणि तू थांब्यावर उभी राहिलीस की तोच ओलावा तुला गारठवतो. शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं सांगतात ते खरं नाही, डोकं शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा भाग आहे. तरी कान आणि मान झाकले की सगळ्या अंगाला बरं वाटतं, आणि ते सगळ्यात कमी पैशांत होतं. मफलर चेहऱ्याजवळ असतो, तिथे हवा तो रंग कर.

पहिला हिवाळा अजून तोंडावर असेल तर कोट आत्ताच घ्यावा लागेल. निम्मा हिवाळा उलटला असेल तर कळ काढ, थर्मलवर दोन स्वेटर घालून दिवस ने, कारण हंगामाच्या शेवटी दुकानं उरलेले हिवाळी कोट काढून टाकतात आणि तेव्हा तुझ्याच बजेटमध्ये वरच्या दर्जाचा कोट मिळू शकतो. फक्त तेव्हा मापं आणि रंग उरलेसुरले असतात.

तो लोकरीचा कोट मनातून जाणार नाही हे मला ठाऊक आहे. पुढे कधी चार पैसे सुटे झाले की नवा नको, वापरलेला बघ. जुने लोकरी कोट बऱ्याचदा आजच्यापेक्षा दाट कापडाचे असतात आणि वापरलेले म्हणून स्वस्त मिळतात. उजेडासमोर धरून कसर लागल्याची भोकं शोध, काखेतलं अस्तर उलटून बघ, वास घे. अस्तर उसवलेलं असेल तर शिंपी बदलून देईल, बाह्याही आखूड करून देईल. खांदे मोठे असतील तर सोडून दे, ते दुरुस्त करणं कोटाच्या किमतीपेक्षा महाग पडतं. त्याच्या आत पातळ, बिनबाह्यांचं डाऊनचं जॅकेट घातलंस तर सौम्य दिवसांना तो ऑफिसला सुद्धा चालेल.

नवा कोट आणलास की लेबलं लगेच कापू नकोस, बिल जपून ठेव. घरी संध्याकाळी पुन्हा एकदा स्वेटरवर घाल, ऑफिसची बॅग खांद्याला लाव आणि बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीत दहा-पंधरा मिनिटं जागेवर उभी राहा. कुठून गार लागतंय ते अंग सांगेल. मान असेल तर मफलरनं भागेल, कंबर असेल तर दोरीनं. पाठ किंवा मांड्या गार पडत असतील तर मात्र कोट परत कर, त्याला दुसरा उपाय नाही. ठेवायचा ठरला तर हंगामातून एक-दोनदा सौम्य साबणानं, गार पाण्यात, फॅब्रिक कंडिशनर न घालता धू. कंडिशनरनं पाणी झटकण्याचा गुण जातो. लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर थोडा वेळ फिरव, त्यानं तो गुण परतही येतो. उन्हाळ्यात घडी घालून पेटीत दडपू नकोस, हँगरला मोकळा टांग. दाबून ठेवलेलं फिलिंग पुढच्या हिवाळ्यात पूर्ण फुलत नाही.

तुझी,
ताई